संसार मोडायचा की नाही, हे आज ठरवायची गरज नाही

ताईंचं पत्र थोडं कमी करून आणि ओळख पटेल असा तपशील काढून देत आहे.

"माझं वय ३२. लग्नाला १० वर्षं झाली, मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत आहे. सासर करवीर तालुक्यात, माहेर गडहिंग्लजकडं, तिथं भाऊ-वहिनी आहेत. मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. दारू नाही, तंबाखू नाही, तालमीत, मंडळात सगळे मान देतात. घरात मात्र हात उचलतात. दोन म्हशी मी बघते, शेण, वैरण, धारा सगळं माझ्याकडं. दूध बिल त्यांच्या खात्यावर. लाडक्या बहिणीचे पैसे माझ्या खात्यावर येतात, पण एटीएम कार्ड त्यांच्याकडं. माझं सोनं स्लॅब टाकताना गहाण ठेवलं, ते सुटलंच नाही. मागं मनगटाला मार लागला तेव्हा दवाखान्यात गोठ्यात घसरले म्हणून सांगितलं. ह्या वेळी गळा धरला होता. आत्याबाई (सासूबाई) म्हणतात, कुणाच्या घरात होत नाही. एकदा पोलिसांकडं गेले, त्यांनी एक कागद दिला आणि समजूत काढून घरी पाठवलं. भावकीची बैठक दोनदा झाली. दुसऱ्या वेळी स्टॅम्पवर लिहून घेतलं, पुन्हा हात लावणार नाही म्हणून. महिन्यात परत तेच. मला घटस्फोट नको. पोराला बाप पाहिजे. त्यांना जेलात घालायचंही मनात नाही. पण आता भ्या वाटतंय. घर मामंजींच्या नावावर आहे, बाहेर पडलीस तर परत उंबरा चढायचा नाही म्हणतात. बायकांना सरकारची मदत असते म्हणतात, ती नक्की काय असते? घटस्फोट न घेता मिळते का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मिळते. घटस्फोट न घेता, नवऱ्याला तुरुंगात न पाठवता, सासरच्या घरावरचा हक्क न सोडता मिळते. त्यासाठीच २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. तो कसा वापरायचा हे खाली सविस्तर लिहिलं आहे. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीबद्दल बोलायला हवं. ती लिहून तुम्ही लगेच पुढे गेलात, मला मात्र तिथून पुढे जाता येईना.

"ह्या वेळी गळा धरला होता."

मनगटाला मार आणि गळ्याला हात ह्या एकाच मापाच्या गोष्टी नाहीत. ज्या घरात नवऱ्याने बायकोचा गळा दाबलेला असतो, त्या घरात पुढे तिचा जीव जाण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. ह्या विषयात काम करणारे लोक ही धोक्याची सगळ्यात गंभीर खूण मानतात. शिवाय गळा दाबल्यावर बाहेर वळ दिसलाच पाहिजे असं नाही. आत सूज असू शकते, नसेला इजा असू शकते, आणि त्रास काही दिवसांनीही उमटतो. आवाज घोगरा झालाय का, गिळताना दुखतं का, चक्कर येते का, डोळ्यांत लाल ठिपके आले होते का, त्या वेळी शुद्ध हरपल्यासारखं किंवा कपड्यांत लघवी झाल्यासारखं झालं होतं का? ह्यातलं एक जरी असेल तर हे उत्तर पुढे वाचायच्या आधी कोल्हापूरच्या सीपीआर ह्या सरकारी रुग्णालयात जा. अपघात विभागात सांगा, "नवऱ्याने गळा दाबला." घसरले, आपटले असं काही सांगू नका. डॉक्टर जे केसपेपरवर लिहितात तोच पुढे पुरावा होतो. तुमच्या मनगटाच्या केसपेपरवर गोठा लिहिला गेला आहे, तो आता बदलणार नाही. गळ्याच्या केसपेपरवर खरं लिहिलं जाऊ दे. ह्या कायद्यानुसार हिंसा झालेल्या बाईला दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. आधी पोलिसांत जाऊन या, असं सांगून परत पाठवता येत नाही.

तुम्हाला भीती वाटते आहे. त्या भीतीवर विश्वास ठेवा. तुमच्या नवऱ्याला तुमच्याइतकं कुणीही ओळखत नाही, तालमीतली माणसंही नाहीत आणि भावकीही नाही.

तो दारू पीत नाही, हे तुम्ही त्याच्या बाजूचा मुद्दा असल्यासारखं लिहिलंय. मला त्याचा अर्थ उलटा दिसतो. शुद्धीत असलेला, मंडळाच्या बैठकीत शांतपणे बोलणारा, वर्गणीचा हिशेब चोख ठेवणारा माणूस घरात आल्यावर कुणावर हात उचलायचा आणि कुणावर नाही, हे नीट जाणून असतो. आपलं ऐकून कोण घेणार, ही तुमची काळजी मला समजते. पण ह्या कायद्यात गावाने विश्वास ठेवावा लागत नाही. मॅजिस्ट्रेटसमोर कागद लागतात, आणि ते कसे जमवायचे ते सांगते.

तुमच्याकडे आता जे चाललंय त्यातला मारहाण हा फक्त एक भाग आहे. कायद्याने हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: शारीरिक, लैंगिक, शिवीगाळ-अपमान-धमकीची मानसिक, आणि आर्थिक. ह्या चौथ्या प्रकाराबद्दल आपल्याकडच्या बायकांना फारसं कुणी सांगत नाही. पहाटे उठून धारा काढायच्या तुम्ही आणि दूध बिल त्याच्या खात्यावर. तुमच्या नावावर आलेले पैसे काढायला तुमचंच कार्ड त्याच्याकडे मागायचं. तुमचं सोनं तुमच्या मनाविरुद्ध गहाण. ही सगळी आर्थिक हिंसा आहे आणि ती अर्जात एकेक करून लिहायची आहे. लग्नात आणि नंतर तुम्हाला मिळालेले दागिने हे तुमचं स्त्रीधन. ते परत करण्याचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात, आणि निकाल लागेपर्यंत ते विकायला, मोडायला मनाईही करू शकतात. सोनं कुठल्या पतसंस्थेत किंवा बँकेत ठेवलंय, त्याची पावती कुठे आहे, लग्नातल्या कुठल्या फोटोत अंगावर कुठला दागिना दिसतो, हे आठवून ठेवा.

आता घर. "घर मामंजींच्या नावावर आहे, तुझा काय संबंध" हे वाक्य कोल्हापूर जिल्ह्यातल्या किती सुनांनी ऐकलं असेल त्याला गणती नाही. ते वाक्य कायद्यात टिकत नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतीशचंद्र आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं की सून ज्या घरात संसार म्हणून राहिली, ते घर नवऱ्याच्या मालकीचं नसलं, सासऱ्याच्या नावावर असलं, तरी त्यात राहण्याचा हक्क तिला मागता येतो. हा मालकीचा हक्क नाही, घरात तुमचा हिस्सा निघत नाही. पण कायदेशीर मार्ग सोडून तुम्हाला कुणी बाहेर काढू शकत नाही, आणि तुम्ही स्वतः जीव वाचवायला बाहेर पडलात म्हणून तो हक्क त्या दिवशी संपतही नाही. "बाहेर पडलीस तर परत उंबरा चढायचा नाही" ही धमकी आहे, कायदा नव्हे. त्याच घरात राहणं धोक्याचं असेल तर नवऱ्याने तुम्हाला दुसरीकडे भाड्याने घर घेऊन द्यावं, असाही आदेश मागता येतो.

आत्याबाईंबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवते. पूर्वी हा अर्ज मूळात फक्त सज्ञान पुरुषांविरुद्ध चाले, सासू-नणंदेबद्दल वाद असायचा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'सज्ञान पुरुष' हे शब्दच काढून टाकले. त्यामुळे त्यांनाही प्रतिवादी करता येतं. फक्त घराबाहेर निघा, असा आदेश बाईविरुद्ध देता येत नाही. माझं मत विचाराल तर, त्यांनी स्वतः मारलं नसेल, पैसे दाबले नसतील, तर त्यांना अर्जात ओढू नका. सगळ्या घराची नावं घातलेला अर्ज लांबतो आणि खरा मुद्दा मागे पडतो.

आणि तो स्टॅम्प. त्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे दर दुसऱ्या प्रकरणात तो कागद निघतो. बैठक बसते, चहा होतो, दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बोलतात, नवरा मान खाली घालतो, स्टॅम्पवर लिहून देतो. बाई त्याच संध्याकाळी त्याच घरात परत जाते. त्या कागदावर सह्या असतात, नोटरीचा शिक्का असतो, पण तो मोडला तर काय होणार? काहीही नाही. पुन्हा बैठक. त्याच्या शेजारी मॅजिस्ट्रेटचा संरक्षण आदेश ठेवून बघा. तो मोडला तर तो स्वतंत्र गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तोही दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलिसांना थेट कारवाई करता येते. मारणार नाही, हेच दोन्ही कागदांवर लिहिलेलं असतं. फक्त दुसऱ्यामागे सरकार उभं असतं.

बैठकीतल्या लोकांचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण तिथे नेहमी एकच प्रश्न विचारला जातो: "ती काय बोलली होती?" कायद्याने समुपदेशनासाठी जे नियम केले आहेत, त्यांत बरोबर हाच प्रश्न बंद केला आहे. मॅजिस्ट्रेटने दोघांना समुपदेशनाला पाठवलं तर तिथे नवऱ्याला "तिने असं केलं म्हणून मी मारलं" ही सबब मांडता येत नाही. बैठक आणि समुपदेशन ह्यांतला फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. हेही आठवा, की बायकांना घरात क्रूरपणे वागवण्याविरुद्ध ह्याच करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली कायदा केला होता. घरातली गोष्ट घरात मिटवा, असं सांगणाऱ्या ज्येष्ठांना हे जरूर सांगा. महाराजांनी १०० वर्षांपूर्वीच ती घरातली गोष्ट मानली नव्हती.

आता जायचं कुठे.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. हे सरकारी पद ह्याच कायद्याने तयार केलं आहे. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी केलीत की तुमच्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण आणि कुठे बसतात ते कळतं. ते तुमच्याकडून सगळी हकीकत ऐकून ठरलेल्या नमुन्यात कौटुंबिक घटना अहवाल भरतात. कधी, काय, कुणासमोर झालं, पैसे कसे अडवले, मुलाला काय भोगावं लागलं, सगळं त्यात येतं. तो अहवाल मॅजिस्ट्रेटकडे जातो आणि त्याची प्रत पोलीस ठाण्यालाही जाते. मॅजिस्ट्रेटकडे करायचा अर्जही तेच तयार करून देतात. हे सगळं फुकट असतं. ह्या अधिकाऱ्यांकडे कामाचा बोजा फार असतो, एका फेरीत काम होईलच असं नाही. म्हणून जाताना तारीखवार टिपण लिहून न्या, आणि परत येताना दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

हे गडहिंग्लजला करायचं की करवीरला? तुमच्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ह्या कायद्यात बाई जिथे राहते, तात्पुरती राहत असली तरी, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. म्हणजे तुम्ही माहेरी आलात तर गडहिंग्लजच्या न्यायालयात अर्ज होतो आणि नवऱ्याला तिकडे यावं लागतं. प्रत्येक तारखेला सासरच्या वाटेने जायची गरज नाही.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर तीही मनातून काढा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात आहे, आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. त्यांचा फोन १५१००. साध्या कागदावर अर्ज लिहून दिला तरी चालतो.

रात्री-अपरात्री, किंवा तो अंगावर येतोय असं दिसलं, तर ११२. गाडी येईल, आणि ती आली नाही तरी तुम्ही फोन केला होता ही नोंद राहते. बोलायचंय, मार्ग विचारायचाय, राहायला जागा हवीय, तर १८१. हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे आणि तिथून तुम्हाला सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून देतात. ही सखी केंद्रं केंद्र सरकारच्या योजनेतून २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाली. दवाखान्यात नेणं, पोलिसांकडे तक्रार नोंदवायला मदत, वकील, समुपदेशन आणि साधारण ५ दिवसांपर्यंत मुलासह राहण्याची सोय, हे सगळं एका जागी. पुढे जास्त दिवसांसाठी शक्ती सदन असतं, पूर्वी ज्याला स्वाधारगृह म्हणत. माहेरी जागा असेल तर ह्यातलं काही लागणार नाही. पण आपल्याला दुसरं कुठलंच छप्पर नाही, असं समजून तिथे थांबून राहू नका.

पोलिसांनी दिलेला तो कागद जपून ठेवा. तुमच्या वर्णनावरून ती अदखलपात्र नोंद दिसते. म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करणार नाहीत. तुम्ही हरलात, असा त्याचा अर्थ होत नाही. अमुक तारखेला ही बाई मार खाऊन इथे आली होती, हे त्या कागदाने सिद्ध होतं आणि तो तुमच्या अर्जाला जोडता येतो. खरं तर नवऱ्याकडून आणि सासरकडून होणारा छळ हा दखलपात्र गुन्हा आहे. पूर्वी त्याला ४९८-अ म्हणत. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झाला, शिक्षा ३ वर्षांपर्यंत आणि दंड. पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर ती लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि त्यांनीही लक्ष घातलं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. ही फौजदारी तक्रार आज करायची की नाही, हे तुमच्या हातात आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडचा अर्ज त्यावर अवलंबून नाही. आणि तक्रार केली की त्याच रात्री नवऱ्याला आत टाकतात, ही भीतीही घालवा. २०१४ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आहेत की अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, आधी गरज तपासायची. ही गोष्ट तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी दोघांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुम्हाला वाटणारं ओझं त्याने कमी होईल, आणि तक्रार केली म्हणजे आता तो येणारच नाही, असा खोटा भरवसाही राहणार नाही.

न्यायालयात काय होतं ते खरं खरं सांगते. अर्ज दिल्यापासून साधारण ३ दिवसांत पहिली तारीख आणि त्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ६० दिवसांत निकाल लागलेली प्रकरणं थोडी. म्हणून अंतिम निकालाची वाट बघत बसायचं नाही. पहिल्याच दिवशी प्रतिज्ञापत्र जोडून तात्पुरता आदेश मागायचा. धोका दिसत असेल तर नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही तो देता येतो. तुमच्या वकिलाला हे आठवण करून द्या: गळ्याचा केसपेपर अर्जाच्या पहिल्या पानांत दिसला पाहिजे. आदेशात काय काय मागायचं? त्याने तुमच्याजवळ, माहेरी, मुलाच्या शाळेत यायचं नाही. फोनवर धमक्या द्यायच्या नाहीत. दागिने विकायचे नाहीत. तुमचा आणि मुलाचा दर महिन्याचा खर्च द्यायचा. मुलाचा तात्पुरता ताबा तुमच्याकडे.

खर्चाच्या बाबतीत तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. तुमचा नवरा फौंड्रीत पगारावर आहे. त्याने पैसे थकवले तर मॅजिस्ट्रेट थेट फौंड्रीच्या मालकाला आदेश देऊ शकतात, की पगारातून इतकी रक्कम कापून हिच्याकडे जमा करा. शेतीवर किंवा धंद्यावर जगणाऱ्या नवऱ्याकडून वसूल करताना बायकांची दमछाक होते. तुमचं तसं होणार नाही. त्याच्या पगाराची चिठ्ठी, निदान तिचा मोबाईलवर काढलेला फोटो, सोन्याच्या पावतीइतकाच महत्त्वाचा आहे. दूध संस्थेच्या बिलाचाही फोटो घ्या.

आणि पुढे कधी वरपर्यंत जायची वेळ आलीच, तर मुंबईच्या फेऱ्या आता नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, सीपीआरच्या समोर.

सरकारी योजनांमधून काय मिळेल ते थोडक्यात. लाडक्या बहिणीचे १५०० रुपये सुरू राहू देत, फक्त खातं बदला. पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत स्वतःच्या नावाने खातं उघडून आधार त्याला जोडलंत की पैसे तिकडे येऊ लागतात. पण हे बाहेर पडल्यावर करा. आधी केलंत तर पुढच्या हप्त्यालाच त्याच्या लक्षात येईल. त्यासाठी आधारला तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर हवा. आता तो नवऱ्याचा असेल तर ओटीपी त्याच्याकडे जात राहील. संजय गांधी निराधार योजना परित्यक्ता आणि अत्याचारित बायकांसाठीही आहे, तीही १५०० रुपयांचीच. अर्ज तहसील कार्यालयात. पण तिला उत्पन्नाची अट फार कडक आहे आणि दोन्ही योजना एकत्र मिळत नाहीत, त्यामुळे सध्या तिच्यामागे धावू नका. मुलासाठी मात्र बालसंगोपन योजनेची चौकशी जरूर करा. एकट्या पालकाकडे असलेल्या, घर विस्कटलेल्या मुलांसाठी दरमहा २२५० रुपये असतात आणि अर्ज महिला व बाल विकास कार्यालयातच होतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाल तेव्हा त्याच फेरीत विचारा. मनोधैर्य योजनेचं नाव कुणी सुचवेल. ती बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांसाठी आहे, तुमच्या प्रकरणात लागू होत नाही.

बाहेर पडण्याबद्दल. नवऱ्याला सांगून, भांडणात जाहीर करून बाहेर पडू नका. बायकांना सगळ्यात जास्त मार, आणि सगळ्यात वाईट मार, त्या निघतात तेव्हा बसतो. तो कामावर, पाळीवर असेल अशी वेळ बघा. तुमचं आणि मुलाचं आधार, रेशन कार्डाची प्रत, मुलाचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि दोन फोटो, पोलिसांचा तो कागद, स्टॅम्पची प्रत, दवाखान्याचे केसपेपर. सगळं एका दिवशी पिशवीत भरलंत तर दिसेल. एकेक कागद आधीच आईकडे पोचवा, किंवा फोटो काढून भावाला पाठवून तुमच्या मोबाईलमधून पुसून टाका. १८१ ला फोन शक्यतो शेजारणीच्या मोबाईलवरून करा. तुमच्या मोबाईलचं लोकेशन त्याला दिसतं का, तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर चालू आहे का, हे भावाकडून तपासून घ्या. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढे सुटे पैसे पदराला असू देत. कागद राहिले तरी चालतील. दुसरी प्रत निघते. मुलगा राहता कामा नये, कारण मागे राहिलेल्या मुलाला परत मिळवायला महिने जातात.

म्हशींचा जीव तुम्हाला अडवेल, हे मला माहीत आहे. तुम्ही पत्रात त्यांच्याबद्दल किती सहज लिहिलंय. त्यांची धार कोण काढणार, हा प्रश्न एक दिवस त्या घराला सोडवू दे.

मुलाची शाळा बुडणार नाही. जुन्या शाळेने दाखला द्यायला उशीर केला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. गडहिंग्लजच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटून एवढंच सांगा, की मला विचारल्याशिवाय मुलाला कुणाच्याही हवाली करू नका. मॅजिस्ट्रेटचा आदेश आला की त्याची प्रत शाळेतही द्या.

"पोराला बाप पाहिजे." हे तुम्ही लिहिलंत, आणि ते मी बाजूला सारणार नाही. ताबा तुमच्याकडे दिला तरी मुलाला भेटण्याची वेळ आणि जागा मॅजिस्ट्रेट बापाला ठरवून देऊ शकतात, मुलाला धोका नसेल तर. म्हणजे बाप तुटत नाही. पण ७ वर्षांच्या मुलाने आईच्या गळ्यावर बापाचे हात पाहिले असतील, तर त्याच्या मनात बापाची जी जागा आहे ती आजच हलली आहे. तुम्ही घरात राहिल्याने ती सावरत नाही. मारायचं थांबवणं हे त्याच्या बापाचं काम आहे. ते त्याने केलं, न्यायालयाचा आदेश पाळून वर्षभर दाखवला, तर पुढे एकत्र राहायचं का हे तुम्ही निवांत ठरवाल. ह्या कायद्याखालचा अर्ज तुम्ही मागे घेऊ शकता, आदेश बदलून मागू शकता. घटस्फोटाचा प्रश्न कुणी तुमच्यासमोर आणून ठेवला, वकिलाने जरी, तरी सांगा: तो विषय आज नाही.

तुमच्या माहेराबद्दल. भावाकडे ओझं होईल, असं तुम्ही थेट लिहिलं नाही, पण "भाऊ-वहिनी आहेत" म्हणून जिथे थांबलात तिथे ते ऐकू आलं. वहिनींशी आधी तुम्ही स्वतः बोला, आईमार्फत नको. किती दिवस, खर्चाचं काय, मुलाला कुठे झोपवायचं, हे आधी बोललेलं बरं. खर्च मिळायला लागला की त्यातला हिस्सा घरात देईन, हेही सांगा. आणि हे उत्तर भावाला वाचायला द्या. बहिणीवर अत्याचार होतोय ही माहिती तोही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो, कायद्याने कुणालाही ती मुभा आहे आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर काही बालंट येत नाही. कलम ८५ ची तक्रारही रक्ताच्या नातेवाइकाला करता येते. त्याने आता तिसऱ्या बैठकीसाठी जीप भरून माणसं न्यायची नाहीत. तुमच्या सासरच्या दारात जाऊन त्याने कुणाची गचांडी धरली, तर उद्या त्याच्यावरच गुन्हा दाखल होईल आणि तुमचं प्रकरण दोन घरांच्या भांडणात बुडेल. एक दिवस कामावर रजा टाकून तो तुमच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयात यावा, शेजारच्या खुर्चीत बसावा, आणि बोलणं तुमचं तुम्हाला करू द्यावं.